वकिलीच्या जोडीला अध्यापकी

सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक गोष्ट वारंवार दृष्टोत्पत्तीस येऊ लागली आहे. घरातील कोणी वकील, कोणी हिशेबतपासनीस, कोणी इंजिनियर आपला मूळचा व्यवसाय सांभाळून आठवड्यातून चार-सहा तास एखाद्या महाविद्यालयात शिकवावयास जातो. घरच्या वडील मंडळींना याचे कौतुक वाटते. शेजारीपाजारी 'प्रोफेसरसाहेब' म्हणून हाक मारू लागतात. आणि ज्याच्याविषयी हे सर्व चालते तो बिचारा रात्री अकरा वाजता पुस्तकात डोके खुपसून, उद्या सकाळी साठ मुलांपुढे काय बोलावे या विवंचनेत पडलेला असतो. कौतुकाच्या भरात त्याच्या या विवंचनेकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून प्रस्तुत लेखात तिचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही. कॉलेजची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून चढलो नाही. अध्यापक म्हणून तर नाहीच. परंतु उणीपुरी पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविण्यात घालविली असल्यामुळे, वर्गापुढे उभे राहणे म्हणजे काय, एवढे मात्र आम्हांस कळते. वर्ग शाळेचा असो की कॉलेजचा, त्याचा धर्म एकच. त्या अधिकाराने चार शब्द लिहीत आहोत. सर्वच व्यवसायांचा एकदम विचार करू गेल्यास विषय पसरट होईल. म्हणून वकिलांचेच उदाहरण घेऊ. त्यांच्या संबंधाने जे खरे, ते थोड्याफार फरकाने इतरांसही लागू आहे.

वकिलाने कायदा शिकवावा ही प्रथा आपल्याकडे नवी नाही. मुंबईचे सरकारी विधी महाविद्यालय १८५५ सालचे. तेथील अध्यापनाचा भार पुष्कळ काळ वकिली करणाऱ्या मंडळींनीच वाहिला. १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर लोकमान्य टिळकांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालविला, आणि त्या वर्गाच्या उत्पन्नाचा त्यांस चरितार्थाला आधार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण तर आमच्या विषयाला तंतोतंत जुळणारे आहे. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे अध्यापक होते. १९२३ साली विलायतेहून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या हायकोर्टात वकिली आरंभिली. आणि वकिलीचा जम बसावयाचा असतानाच, १९२५ ते १९२८ पर्यंत, बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा हा विषय अर्धवेळ शिकविला. महाडचा सत्याग्रह १९२७ सालचा, म्हणजे याच अवधीतला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कालखंडात त्यांच्या दिवसाचे तास कसे वाटले गेले असतील याची कल्पना येते. पुढे १९२८ मध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयात अध्यापक झाले, आणि १९३५ साली त्याच संस्थेचे प्राचार्य. अर्धवेळ शिकविणे म्हणजे अर्धवट शिकविणे नव्हे, याचे यापेक्षा थोर प्रमाण कोणते द्यावे?

आता नियमांकडे वळू. कारण उत्साहाच्या भरात नियम पाहावयाचे राहून जातात. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिली करणाऱ्या गृहस्थाला अन्यत्र पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. परंतु अध्यापनाला यातून वाट ठेवलेली आहे. केंद्र सरकारने १९७९ साली केलेल्या नियमांनुसार, विद्यापीठाशी संलग्न अशा संस्थेत वकिलाला कायदा शिकविता येतो. अट एवढीच, की शिकविण्याचा वेळ दिवसाकाठी तीन तासांहून अधिक नसावा. ही अट पाळली म्हणजे त्या कामाला कोणतेही नाव असो, ते अर्धवेळच समजले जाते. सरकारी नोकरीत असलेल्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये आधी मंजुरी घ्यावी लागते. आणि ती कागदावर घ्यावी, साहेबांच्या तोंडी होकारावर विसंबू नये.

पात्रतेचाही प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला पदव्युत्तर पदवी आणि नेट अथवा पीएच. डी. लागते, आणि तासिकेवर येणाऱ्या पाहुण्या अध्यापकाकडूनही तीच अपेक्षा धरली जाते. तेव्हा नुसत्या एलएल. बी. वर अध्यापनाची आशा धरणाऱ्याने आधी एलएल. एम. चा विचार करावा. २०२२ साली मात्र आयोगाने दुसरे एक दार उघडले. आपल्या व्यवसायात निदान पंधरा वर्षे काढून नाव मिळविलेल्या व्यक्तीला 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून, पदवीची अट न लावता, नेमता येते. अशा नेमणुका मंजूर पदांच्या शेकडा दहाहून अधिक असू नयेत, आणि एका व्यक्तीची मुदत सामान्यतः तीन वर्षांपलीकडे व अपवाद म्हणून चार वर्षांपलीकडे जाऊ नये, असे बंधन आहे. हे दार अनुभवी माणसांसाठी आहे; नवशिक्याने त्याच्या आशेवर राहू नये.

यानंतर पैशांचा हिशेब. आपल्या घरांत विद्यादानाच्या गोष्टी बोलताना पैशांचा विषय काढणे अप्रशस्त मानतात. आम्हांस तसे वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली पाहुण्या अध्यापकाला दर तासिकेस १५०० रुपये, आणि महिन्यास जास्तीत जास्त ५०,००० रुपये, असा दर सांगितला. पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष हातात पडते ते याहून कमी, आणि तेही महिन्याच्या महिन्यास मिळेल असे नाही. तरी पुरा दर धरून चालू. आठवड्यास चार तासिका असल्या तर ६००० रुपये होतात. आता कष्टांचे माप पाहा. नव्या विषयाच्या एका तासिकेला पहिल्या वर्षी निदान तीन तास तयारीला द्यावे लागतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणजे शिकविण्याचे चार आणि तयारीचे बारा मिळून सोळा तास झाले. तासास ३७५ रुपये पडले. जाण्यायेण्याचा वेळ, उत्तरपत्रिका आणि परीक्षेची कामे यांत धरलेली नाहीत. ज्याचा वकिलीत जम बसला आहे त्याला हा व्यवहार तोट्याचा, आणि ज्याचा बसावयाचा आहे त्याला अपुऱ्या आधाराचा. तेव्हा पैशांसाठी हे काम पत्करणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. मात्र ज्याला शिकविण्याची गोडी आहे, त्याने हा हिशेब आधीच डोळ्यांखालून घातला म्हणजे पुढे कुरकुर करण्याचा प्रसंग येत नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्याला विषय येतो त्याला तो शिकविताही येतो, अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. आणि तीच नव्या अध्यापकाला दगा देते. कालिदासाने 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या पहिल्याच अंकात हा प्रश्न मांडून ठेविला आहे. गणदास आणि हरदत्त या दोन नृत्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा तंटा निघतो. तेव्हा परिव्राजिका कौशिकी जो निवाडा सुचविते त्याचा आशय असा, की कोणाची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, तर कोणाचा विशेष ती दुसऱ्यात उतरविण्यात असतो. दोन्ही ज्याच्या ठायी असतील तो शिक्षकांत अग्रगण्य. म्हणूनच पुढे परीक्षा होते ती आचार्यांची नव्हे, त्यांच्या शिष्येची. वकील कितीही नामांकित असो, वर्गात त्याची परीक्षा त्याच्या विद्यार्थ्यांच्या कागदावर होते.

आमच्या आप्तांपैकी एक तरुण वकील गेल्या काही वर्षांत अशा कामावर लागला. पहिल्या आठवड्यानंतर तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, पंधरा दिवस पुरेल म्हणून काढलेले टिपण चाळीस मिनिटांत संपले. मुले वह्या मिटून माझ्याकडे पाहत बसली."

आम्ही विचारले, "कोर्टात बोलताना समोर कोण असते?"

"न्यायाधीश."

"त्यांना कायदा ठाऊक असतो की तू शिकवितोस?"

तो हसला आणि म्हणाला, "त्यांना ठाऊकच असतो. मी फक्त आमच्या पक्षाकडे बोट दाखवितो."

"मग वर्गात तू बोट दाखविलेस," आम्ही म्हणालो, "पण ज्याच्याकडे बोट दाखवावयाचे ती वस्तूच मुलांनी अजून पाहिलेली नाही."

वकिलाच्या बोलण्यात आणि शिक्षकाच्या बोलण्यात हा मूळचा भेद आहे. वकिलाला आपली बाजू लौकर सिद्ध करून खाली बसावयाचे असते. शिक्षकाला मात्र दोन्ही बाजू सारख्याच सामर्थ्याने मांडून निवाडा मुलांकडून करवून घ्यावयाचा असतो. यासाठी त्या तरुणाला आम्ही चार साध्या गोष्टी सांगितल्या, त्या येथे देतो. पहिली, एका तासिकेस तीनच मुद्दे घ्यावेत, ते आरंभी फळ्यावर लिहावेत आणि शेवटी पुसण्यापूर्वी मुलांकडून वदवून घ्यावेत. दुसरी, कलम सांगण्यापूर्वी ते ज्या भांडणातून जन्मास आले ते भांडण सांगावे. तिसरी, प्रश्नाचे उत्तर येत नसल्यास 'उद्या पाहून सांगतो' असे म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी आठवण देण्यापूर्वी सांगावे. याने मान जात नाही, वाढतो. चौथी, महिन्यातून एकदा दहा ओळींचे उत्तर लिहून घेऊन स्वतः तपासावे. मुलांनी माना डोलावल्या म्हणजे त्यांना समजले असे नव्हे. काय समजले ते त्यांच्या हस्ताक्षरात पाहावे.

इतके सांगितल्यावर हेही सांगणे प्राप्त आहे, की व्यवसायातून येणाऱ्या अध्यापकाजवळ एक धन असते ते नुसत्या पुस्तकी अध्यापकाजवळ सहसा नसते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी कायद्याच्या अभ्यासक्रमात चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले आहेत: दस्तऐवज व वादपत्रे लिहिणे, व्यावसायिक नीती, कोर्टाबाहेरील तडजोडीच्या पद्धती, आणि अभिरूप न्यायालय. वादपत्र कसे लिहावे हे ज्याने शेकडो वादपत्रे लिहिली त्याच्याकडून शिकण्यात गोडी आहे. मालमत्तेचा कायदा शिकविताना जो अध्यापक एक सातबारा आणि त्यावरील फेरफाराची नोंद वर्गात फिरवितो, त्याच्या मुलांना 'हक्क' आणि 'वहिवाट' यांतील भेद पुन्हा समजावून द्यावा लागत नाही. खेड्यातून, मराठी शाळेतून आलेल्या मुलाला इंग्रजी संज्ञांनी धडकी भरते. पण सातबारा तो आपल्या वडिलांच्या ट्रंकेत पाहून आलेला असतो. तो कागद हातात पडताच पहिल्या बाकावरच्या शहरी मुलापेक्षा तो अधिक आत्मविश्वासाने बोलू लागतो.

सध्याच्या काळी तर व्यवसायातील वकिलाची वर्गात विशेषच गरज आहे. भारतीय दंड संहिता १८६० सालची. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. जुन्या संहितेत ५११ कलमे होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. फसवणुकीचे प्रसिद्ध कलम ४२०. 'चारसोबीस' हा शब्द त्यावरून आपल्या घराघरांत शिरला. ते आता कलम ३१८ च्या चौथ्या पोटकलमात जाऊन बसले आहे. पण म्हणून जुनी संहिता मेली असे नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना तीच लागू आहे, आणि तशा खटल्यांचे ढीग कोर्टांत अद्याप पडून आहेत. सकाळी एका खटल्यात जुने कलम आणि दुपारी दुसऱ्यात नवे कलम वाचणारा वकील विद्यार्थ्याला हा संधिकाल जितका स्पष्ट करून सांगू शकेल, तितका दुसरा कोण सांगणार?

मात्र याच धनापाशी दोन धोके आहेत. पहिला जिभेचा. वर्ग रंगविण्याच्या ओघात वकील आपल्या पक्षकारांच्या गोष्टी सांगू लागतो. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास कायद्याची बंदी आहे. पूर्वी ती पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. नावे गाळली म्हणजे भागले असे समजू नये. लहान गावात नाव गाळूनही माणूस ओळखू येतो. व्यावसायिक नीती शिकविणाऱ्यानेच ती वर्गात मोडली, तर मुले पुस्तकावर विश्वास ठेवतील की डोळ्यांवर?

दुसरा धोका वेळेचा, आणि आमच्या मते हाच अधिक गंभीर. वसतिगृही नसलेल्या विधी महाविद्यालयांचे वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ यांच्या दरम्यान भरावे लागतात, आणि भर दिवसाचे तास तर कोर्टाचे. त्यामुळे वकिलाच्या वाट्याला बहुधा सकाळची पहिली तासिका येते. मग कधी बाहेरगावची तारीख, कधी पक्षकाराची निकड, असे होता होता तासिका बुडू लागतात. कोर्टात काम पुढे ढकलले तर नवी तारीख मिळते. विद्यार्थ्याच्या वर्षाला नवी तारीख नसते. तोच विद्यार्थी शेकडा सत्तर हजेरी भरण्यास नियमाने बांधलेला असतो. आणि त्याला शिकविणाऱ्याने मात्र वाटेल तेव्हा गैरहजर राहावे, हा कोणता न्याय? त्या वर्गात कोणी पहाटेची एस. टी. पकडून येतो, कोणी रात्रपाळी करून. बंद दारासमोर अर्धा तास उभे राहून ती मुले परत जातात तेव्हा त्यांचे काय बुडते, याचा विचार नेमणूक स्वीकारण्यापूर्वी करावा. वकिलीचा व्याप वाढून तासिका नियमाने घेणे अशक्य झाले, तर सत्राच्या शेवटी सन्मानाने काम सोडावे. सत्राच्या मध्ये सोडू नये, आणि न सोडता बुडवू तर मुळीच नये.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. ज्या शिक्षकखोलीत हा वकील सकाळी तासभर जाऊन बसतो, तेथेच शेजारच्या खुर्चीवर तासिका तत्त्वावर काम करणारा दुसरा अध्यापक असतो. त्याच्याजवळ नेट आहे, कदाचित पीएच. डी. ही आहे, कायम जागेची वाट पाहण्यात त्याची वर्षे चालली आहेत, आणि ज्या मानधनाला हा वकील 'पानसुपारी' म्हणतो त्यावर त्याचे घर चालते. अशा ठिकाणी 'मला पैशांची गरज नाही, फुकटही शिकवीन' असे मोठेपणाने बोलू नये; त्या बोलण्याचा उपयोग करून घेणारे व्यवस्थापक असतात, आणि दुसऱ्याचा दर पडतो. ज्याला आपले मानधन नको असेल त्याने ते रीतसर घेऊन ग्रंथालयाला अगर गरीब विद्यार्थ्याच्या फीला द्यावे. तसेच जो विषय तो अध्यापक चांगला शिकवीत आहे तो आपल्या नावाच्या वजनावर मागून घेऊ नये. प्रात्यक्षिकाचे विषय आपले, सिद्धान्ताचे त्याचे, अशी वाटणी झाली तर दोघांचेही आणि मुलांचेही कल्याण होते.

शेवटी घरच्या मंडळींसाठी दोन शब्द. एकत्र कुटुंबात एका माणसाने नवे काम अंगावर घेतले म्हणजे त्याचा भार सर्वांवर वाटला जातो. सकाळी लौकर चहा कोणीतरी करावयाचा असतो. संध्याकाळी मुलांचा अभ्यास जो घेत असे तो आता स्वतःच्याच अभ्यासात असतो. शिकविणारी सून असेल तर हा भार दुप्पट होतो. कारण कोर्ट, कॉलेज आणि स्वयंपाकघर या तिन्ही ठिकाणी तिने वेळेवर हजर असावे अशी अपेक्षा धरली जाते. ज्या घराला 'आमची सून प्रोफेसर आहे' असे सांगण्यात अभिमान वाटतो, त्या घराने तिच्या तयारीचे दोन तास तिला निर्वेध मिळतील अशी व्यवस्था करणे हाच त्या अभिमानाचा खरा पुरावा होय. नेमणुकीपूर्वी घरात बसून याची मोकळी वाटणी करावी. कोणत्या दिवशी कोण काय करील हे ठरवावे. निदान पहिल्या वर्षी तरी सणावाराचा जादा व्याप त्या माणसावर टाकू नये.

तात्पर्य, व्यवसाय सांभाळून शिकविण्यात द्रव्य थोडे आहे, कष्ट पुष्कळ आहेत. पण लाभ नाही असे नाही. दुसऱ्याला समजावून सांगताना आपलीच विद्या किती ठिकाणी पोकळ होती हे कळते, आणि ती पोकळी भरून काढणे भाग पडते. विसाव्या वर्षी पाठ केलेले कलम चाळिसाव्या वर्षी प्रथमच समजले, असे अनेक वकिलांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे; आणि ते समजण्याचे कारण कोर्ट नव्हे, तर मागल्या बाकावरून आलेला एखादा भाबडा प्रश्न. ज्याची असा प्रश्न ऐकून घेण्याची तयारी असेल, आणि जो वर्षभर ठरल्या दिवशी ठरल्या वेळी वर्गाच्या दारात उभा राहू शकेल, त्याने हे काम अवश्य पत्करावे. बाकीच्यांनी आपली वकिली उत्तम करावी. तीही समाजाची सेवाच आहे.